बिनतारी टीपॉय

माणसाने सासूबाईंसाठी जरूर काहीतरी करावं, पण ते लाकडात करू नये आणि विजेत तर मुळीच करू नये. दोन्ही एकत्र केल्यावर काय होतं ते आमच्या इमारतीत कोणालाही विचारा. सगळे सांगतील, आणि प्रत्येक जण वेगळं सांगेल. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

झालं होतं असं, की सासूबाईंचे हात कापायला लागले होते. त्या आमच्याकडेच राहतात. मी आणि बायको दोघंही नोकरीवर जातो, म्हणजे दिवसभर घरात त्या आणि त्यांचा मोबाइल. दुपारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन येतो आणि दोघी मिळून शब्दकोडं सोडवतात. बहीण तिकडून आडवे-उभे शब्द विचारते, सासूबाई इकडून उत्तरं देतात, आणि मध्ये मध्ये भांडतात. हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद. पण मोबाइल जुना, बॅटरी म्हातारी, आणि चार्जरची पिन त्या इवल्याशा भोकात घालायची म्हणजे कापऱ्या हाताची सत्त्वपरीक्षा. "सुईत दोरा ओवणं परवडलं," त्या म्हणायच्या, "सुई निदान मी हलवते तशी तरी हलते." मग ऐन कोड्यात फोन बंद पडायचा आणि आम्ही संध्याकाळी येईपर्यंत त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायच्या.

तक्रार त्यांनी कधी केली नाही. एक दिवस नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी फक्त जाहीर केलं, "मी वृद्धाश्रमात जाते. चौकशी केलीय. पहिल्या तारखेला खोली रिकामी होतेय."

बायकोच्या हातातला चमचा खाली पडला. "आई, एका पिनेपायी घर सोडतेस?"

"आज पिन आहे. उद्या बटण लावून द्या म्हणेन, परवा घास भरवा म्हणेन. तिथे त्या कामाला पगारी माणसं असतात, त्यांच्याकडे मागताना जीभ जड होत नाही. तुमच्याकडे मागायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं बाई."

बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी रडलो नाही, पण खरं सांगतो, मलाही त्यांनी जायला नको होतं. लोकांचे जावई आणि सासवा यांचं काय असेल ते असो. या घरात माझ्या विनोदांना हसणारं ते एकच माणूस आहे. ते गेलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं?

"बाजारात बिनतारी चार्जरची चकती मिळते," बायको डोळे पुसत म्हणाली. "वर फोन ठेवायचा, की झालं. ती आणा."

आणली. फोन जुना असल्यामुळे दुकानदाराने बरोबर एक पातळ पट्टी दिली. ती फोनच्या पाठीला चिकटवायची आणि तिचं शेपूट त्या भोकात कायमचं खोचून ठेवायचं. चकतीत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, पट्टीत दुसरं. खालच्या वेटोळ्यातली वीज सारखी दिशा बदलत राहते, आणि तिच्यामुळे वरच्या वेटोळ्यात वीज उठते. एकाने जांभई दिली की शेजारच्याला येते तसं. मध्ये तार नाही, पिन नाही, काही नाही. लागलं की फोन 'टुंग' असा आवाज करतो. पहिल्यांदा टुंग झालं तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर सासूबाई पलंगाखाली वाकून बघत होत्या. चकती बिस्किटाएवढी आणि बिस्किटाइतकीच हलकी. कापरा हात लागला की टीपॉयवरून खाली, तिथून पलंगाखाली. "आधी पिनेसाठी तुमची वाट बघत होते," त्या म्हणाल्या, "आता चकतीसाठी बघते."

शहाण्या माणसाने इथे ती चकती टीपॉयला चिकटवली असती. बायको तसं म्हणालीही. पण माझं दुर्दैव असं, की मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेला आहे. पुढे ते कशालाच उपयोगी पडलं नाही, हा भाग वेगळा. मी विमा कंपनीत आहे. नुकसानीचे अर्ज वाचायचे आणि 'दिलेले कारण पटत नाही' असा शेरा मारायचा, हे माझं काम. इतकी वर्षं पोटात दडपलेलं शास्त्र त्या दिवशी उसळून वर आलं आणि मी म्हणालो, "चकती वर कशाला? चकती टीपॉयच्या खाली बसवू. वर काही नाही, साफ मोकळं. आईंनी फोन नुसता टेकवायचा."

"चिकटवायला डिंक पुरेल," बायको म्हणाली.

"डिंक हा शास्त्राचा अपमान आहे," मी म्हणालो. हे वाक्य तिने पुढे मला इतक्या वेळा ऐकवलं, की आता डिंकाचा नुसता वास आला तरी माझे कान लाल होतात.

इथे आमच्या समोरच्या दारातले शेजारी येतात. नाव नको, आम्ही सगळे त्यांना सर्वज्ञ म्हणतो आणि तेही ते खरंच मानतात. मी टीपॉय उलटा करून बसलोय हे त्यांना दार बंद असताना कसं कळलं देव जाणे, पण आले. वाकले. बोटाने लाकूड टकटक वाजवून म्हणाले, "जाड आहे. वीज दमेल मध्येच. तासून घ्या."

हे मात्र खरं होतं. दोन वेटोळी जितकी जवळ तितकं बरं. सुताराला बोलावलं. "किती तासू?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "पुठ्ठ्याइतकं ठेव." सर्वज्ञ म्हणाले, "पुठ्ठा कशाला? कागदाइतकं." सुताराने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं. टीपॉय तयार झाला. सुंदर दिसत होता. सासूबाईंनी कौतुकाने चहाचा कप ठेवला आणि कप सरळ फरशीवर पोचला.

"चहा तरी बिनतारी गेला," सासूबाई म्हणाल्या आणि त्या परिस्थितीतही हसल्या. बायको हसली नाही.

सर्वज्ञांना आपल्या सल्ल्याची जबाबदारी वाटली असावी, कारण त्यांनी गच्चीवर पडलेला त्यांचा जुना टीपॉय देऊ केला. "आपल्या माणसांत कसलं आलंय," वगैरे म्हणत स्वतः जिना उतरवून आणला. वरचा तक्ता मात्र जाड होता आणि आता तासण्याचं नावसुद्धा बायको काढू देईना. तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन जोरदार वेटोळं मागितलं. दुकानदाराने एक बशीएवढं वेटोळं काढलं. म्हणाला, "साहेब, चकतीला अक्कल असते. मध्ये धातू आला की ती आपणहून बंद होते. याला अक्कल नाही, नुसता जोर आहे." असल्या मंडळींबरोबर मी ऑफिसात रोज काम करतो, त्यामुळे मला भीती वाटली नाही. घेतलं.

बसवलं, सुरू केलं, सासूबाईंनी फोन टेकवला. टुंग नाही. थोडं सरकवला. नाही. "राहू दे चालू, वीज हळूहळू वर झिरपेल," सर्वज्ञ म्हणाले. वीज म्हणजे काय भिंतीतली ओल आहे का झिरपायला? पण त्यांचाच टीपॉय वापरून त्यांना कसं बोलणार. आम्ही ते चालू ठेवून नोकरीवर गेलो.

दुपारी ऑफिसात शेजाऱ्यांच्या फोनवरून सासूबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "जावईबापू, कमाल केलीत हो! चहा अजून गरम आहे. मघाशी ठेवलेला, अजून वाफा येतायत."

"आणि फोन?"

"फोन बंदच आहे. पण चहा फार छान लागतोय. फक्त माझी चष्म्याची डबी हातात धरवत नाहीये, आणि टेबलक्लॉथचा रंग बदलतोय."

मी ऑफिसातून घर गाठेपर्यंत काय धावलो ते माझं मला माहीत. त्या टीपॉयच्या सनमायकाखाली लोखंडी पत्रा होता! सर्वज्ञांना तो माहीत होता, पण "तुम्ही विचारलं कुठे?" वेटोळ्याचा सगळा जोर तो पत्रा पिऊन टाकत होता आणि तापत होता. फोनपर्यंत काही पोचतच नव्हतं. टेबलक्लॉथवर भाकरीसारखा गोल खरपूस डाग पडला होता. बायको संध्याकाळी आली, तिने डाग पाहिला, मला पाहिलं, आणि एकच वाक्य म्हणाली, "पहिली तारीख जवळ आलीय." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता खरं तर थांबायचं. पण हात दाखवून अवलक्षण करायची सवय माणसाला सहज सुटत नाही. शिवाय सर्वज्ञ कुठूनसं वाचून आले होते. "वेटोळ्याचा नाद सोडा. धातूचे पत्रेच वापरा. दोन पत्रे खाली, दोन वर, मध्ये फळी. समोरासमोरच्या पत्र्यांमधून वीज जाते, धातू तापत नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांत करतात." तत्त्व खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. मलाही कॉलेजातलं आठवलं. फक्त प्रयोगशाळेत शेजारी राहत नाहीत, हे आम्हा दोघांनाही आठवलं नाही.

लोखंडी पत्र्याची कटकट म्हणून तो टीपॉय गच्चीवर परत गेला. आमच्या तासलेल्या टीपॉयवर तात्पुरती एक फळी टाकली. स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलचे चौकोन कापून फळीच्या खाली आणि फोनखालच्या पुठ्ठ्याला चिकटवले. (फॉइल बायकोचं. विचारलं नव्हतं.) त्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, पत्र्यांमध्ये विजेची दिशा फार फार वेगाने बदलवणारी एक डबी आणली. बटण दाबलं.

आणि दारावरची बेल वाजली.

मी दार उघडलं. कोणी नाही. समोर सर्वज्ञांच्या बायकोनेही दार उघडलं होतं. "तुम्ही वाजवलीत?" त्या म्हणाल्या. "नाही, तुम्ही?" तेवढ्यात वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज, खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज. गेल्या वर्षी सोसायटीने सगळ्यांसाठी एकदम बिनतारी बेल घेतल्या होत्या, आणि माझी डबी त्या सगळ्या एकसाथ वाजवत होती. मी आत जाऊन टीपॉयपाशी काय बिघडलं ते पाहू लागलो, म्हणजे डबी बंद-चालू करू लागलो. दरवेळी अख्खी इमारत दार उघडायची आणि एकमेकांवर डाफरायची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका, ज्या कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या त्या दिवशी पुन्हा बोलायला लागल्या. काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोणाचा रेडिओ खरखरला, कोणाचा हात लावून पेटणारा दिवा आपोआप डोळे मिचकावू लागला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी गंजीफ्रॉकवर जिना चढून आमच्या दारात उभे राहिले.

"तुम्ही हवेतून वीज सोडताय?" ते म्हणाले.

"थोडीशी," मी म्हणालो. असल्या प्रश्नाला माणसाने 'नाही' म्हणावं, हे मला नंतर कळलं.

सेक्रेटरींनी वीज कंपनीत तक्रार केली. मी बेकायदा वीजवाटप करतो, आणि माझी वीज भिंतीतून त्यांच्या घरात घुसून त्यांच्या मीटरवर पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. सर्वज्ञांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. मी जाब विचारला तर म्हणाले, "शास्त्राच्या बाजूने तुमच्याबरोबर आहे. पण शेजारधर्म म्हणून त्यांच्याबरोबर."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बॅग काढली. कपड्यांच्या घड्या घालताना हात कापत होते, घडी मोडत होती, त्या परत घालत होत्या. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या. माझ्यामुळे तुमची गावभर शोभा झाली, जावईबापू. आता चौकशीला माणूस येणार. पुरे झालं." मी एक विनोद करून पाहिला. त्या हसल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. खोलीबाहेर येऊन मी नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी रजा काढली, सुताराला बोलावलं आणि म्हटलं, "बाबा रे, शहाणपण पुरे. तासलेला भाग काढ, पातळ पण कप सोसेल असा प्लाय मार, आणि ही पहिली चकती खाली पक्की बसव." त्याने बसवली. खालून काही दिसू नये म्हणून खालच्या बाजूनेही प्लाय मारला. काम नेटकं झालं. मधे आडवी पट्टी येत होती म्हणून चकती त्याने जरा बाजूला घेतली. किती बाजूला आणि कुठल्या, हे मी विचारायच्या आत तो पुढच्या कामाला निघून गेला, आणि जिन्यात त्याला वीज कंपनीचे निरीक्षक भेटले.

निरीक्षक वर आले ते सेक्रेटरींना घेऊनच. मागोमाग सर्वज्ञ, कोणी बोलावलं नसताना. आमच्या सासूबाईंच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. त्या पलंगावर बसल्या होत्या, हात शालीत लपवून. बॅग दाराशी होती.

"तार कुठाय?" निरीक्षकांनी विचारलं.

"तार नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"साहेब, बेकायदा वाटप म्हटलं की तार लागते. मी तार जप्त करतो. तारच नाही तर मी जप्त काय करू? हवा?"

"हवा सोसायटीची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

मी त्यांना फॉइल दाखवलं, डबी दाखवली, दोन्ही सोडून दिल्याचं सांगितलं. निरीक्षक भला माणूस होता. "बेल वाजवणारी ती डबी दुकानात परत करा, फॉइल स्वयंपाकघरात परत ठेवा," त्यांनी निकाल दिला. "आणि हे आताचं काय ते चालवून दाखवा. यात शेजाऱ्यांना काही पोचत नाही, एवढं बघतो आणि जातो."

मी फोन टीपॉयच्या मधोमध ठेवला. काही नाही. डावीकडे ठेवला. काही नाही. "इकडे द्या," म्हणून सर्वज्ञांनी कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवून पाहिला. काही नाही. सेक्रेटरींनी सुद्धा विरोध विसरून एकदा ठेवला. निरीक्षकांनी ठेवला. चार मोठी माणसं त्या टीपॉयभोवती वाकली होती आणि टीपॉय ढिम्म. शेजाऱ्यांना काही पोचत नाही हे सिद्ध झालं होतं, पण फोनलाही पोचत नव्हतं. बायको दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते आम्हाला दिसू नये म्हणून बॅगेकडे बघत होती.

"चालत नाहीये असंच समजू मग," निरीक्षक म्हणाले.

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

तीन परक्या माणसांसमोर त्यांनी शालीतून हात काढला. मला माहीत आहे हे त्यांना किती अवघड गेलं असेल ते. हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला आणि हात त्याच्यावर तसाच राहू दिला. हाताबरोबर फोन थरथरायला लागला, थरथरता थरथरता इंच इंच सरकायला लागला, जरा इकडे, जरा तिकडे, जमीन चाचपत चालल्यासारखा.

टुंग.

"योगायोग," सर्वज्ञ म्हणाले आणि फोन उचलून त्यांनी परत त्याच जागी ठेवला. म्हणजे त्यांना ती जागा वाटली. काही नाही. त्यांनी परत ठेवला. काही नाही. सासूबाईंनी हात टेकवला. फोन थरथरला, सरकला. टुंग.

मला एकदम उलगडा झाला आणि मी ओरडलोच, "अहो, आपले हात स्थिर आहेत ना! आपण ठेवतो ती एकच जागा. आईंचा हात शोधतो. वेटोळ्यावर वेटोळं येईपर्यंत थांबतच नाही!"

सासूबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांत त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. मग त्या हसल्या, आणि हसल्याने फोन पुन्हा जागेवरून सरकला, आणि त्यांनी तो पुन्हा लावला.

निरीक्षक जायला निघाले होते. ते दारात घुटमळले, खिशातून स्वतःचा फोन काढला. "आजी, सकाळपासून फिरतोय, अगदीच मरायला टेकलाय. माझा पण लावता का? हाही बिनतारी चार्ज होतो."

"आणा की," सासूबाई म्हणाल्या. "बसा जरा. घाई केली की लागत नाही."

ते बसले. फोन भरेपर्यंत चहा झाला. मग सेक्रेटरींनीही आपला फोन काढला, पण तो यात चालणारा नव्हता, म्हणून ते दुसऱ्या दिवशी आपल्या बायकोचा घेऊन आले. सर्वज्ञ तर रोज येतात. घरी त्यांच्याकडे दोन चार्जर आहेत, मी पाहिलेत. दुपारी आता सासूबाईंच्या खोलीत माणसांची ये-जा असते. बहीण फोनवर कोडं घालते आणि इकडून सेक्रेटरींची बायको आणि सर्वज्ञ दोघं मिळून चुकीची उत्तरं देतात, तेव्हा सासूबाई त्या दोघांना गप्प करतात.

पहिल्या तारखेला वृद्धाश्रमातून फोन आला, खोली तयार आहे म्हणून. मी तिथेच होतो. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा निरोप मिळाला, पण मला यायला जमायचं नाही. इथे लोकांचं माझ्यावाचून अडतं." बायकोने बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली.

परवा सुतार जिन्यात भेटला. त्याला आठवत होतं. वर येऊन त्याने टीपॉयवर बोट ठेवून मला नेमकी जागा दाखवली, डावीकडे, कडेपासून वीतभर आत. म्हणाला, "साहेब, इथे पेन्सिलीने एक गोल मारा. मग कोणालाही लावता येईल, आजींना त्रास नको." सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. मी खिशातून पेन्सिल काढली. बायको दाराच्या चौकटीत उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी पेन्सिल खिशात घातली, सुताराला चहा पाजला आणि सांगितलं, की ही जागा तू विसरून जा. त्याने मान हलवली. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या, तेव्हा मी खिशातून माझा फोन काढला, टीपॉयवर भलत्याच ठिकाणी ठेवला आणि म्हटलं, "आई, लागत नाहीये हो. जरा बघता का?"